सूर वाटेत कुठे सांडतो?

मंडळी, आज एका तबकडीबद्दल बोलायचे आहे. दिसायला ती अगदी सीडीसारखी. तेवढीच बारा सेंटिमीटर रुंद, मधोमध तेच भोक, उलटी धरली की तेच इंद्रधनुष्य. तिचे नाव सुपर ऑडिओ सीडी. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी ती १९९९ मध्ये बाजारात आणली. पाठोपाठ २००० मध्ये तिची चुलत बहीण आली, डीव्हीडी-ऑडिओ. दोघींचा दावा एकच : साध्या सीडीत जो आवाज मावत नाही तो आमच्यात मावतो. इंग्रजीत याला हाय रेझोल्यूशन म्हणतात. आपल्याकडे 'उच्च विभेदन' असा शब्द करता येईल, पण तो ऐकून माणूस रेडिओच बंद करील. आपण नुसते 'बारकाईचा आवाज' म्हणू.

माझा भाचा आखातात नोकरीला आहे. सुटीवर येताना त्याने असा एक प्लेअर आणि सात-आठ तबकड्या आणल्या. त्यात एक होती विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका प्रार्थनागृहात १९९२ मध्ये हे दोघे भेटले, वाजवत गेले आणि त्या वादनाला पुढे ग्रॅमी मिळाले. नदीकाठची ती भेट आम्ही गोदावरीकाठच्या पुणतांब्यात ऐकली. आमचे गाव तुम्हाला चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत असेल, शिर्डीला जाणारा रेल्वेफाटा इथून फुटतो म्हणून माहीत असेल, किंवा २०१७ चा शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला म्हणून. त्या दिवसापासून ओटीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हो, खरंच फरक पडतो का? की नुसता पैशांचा खेळ?"

मी बी.ए. झालेला माणूस, धंदा कवितेचा. पण कवितेत आवाज हाच कच्चा माल, म्हणून या विषयात जमेल तेवढे वाचले, जमेल तेवढे ऐकले, आणि दुरुस्तीवाल्यांच्या टेबलाशी बसून चहा तर पुष्कळच प्यालो. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

आधी साधी सीडी. ती १९८२ ची. आवाज म्हणजे हवेतली लाट. सीडीसाठी या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहे हे लिहून ठेवले जाते. ही झाली सोळा बिटांची नोंद. डीव्हीडी-ऑडिओमध्ये मोजणी सेकंदाला ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार वेळा होऊ शकते आणि पायऱ्या होतात १ कोटी ६७ लाखांवर. सुपर ऑडिओ सीडीची तऱ्हा वेगळीच. ती उंची लिहीतच नाही. सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा फक्त एक किंवा शून्य एवढीच खूण करते. लाट उंच असेल तिथे एक दाट, खोल असेल तिथे शून्य दाट.

आकडे ऐकून वाटते, झाले, सीडी हरली. इथे जरा थांबले पाहिजे. वरून, नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडले की आमच्या घाटावर पातळीची नोंद घेतात. दर तासाला घेतलेली नोंद पुरते, कारण पूर काही मिनिटाला चढून मिनिटाला उतरत नाही. तुम्ही हौसेने दर सेकंदाला नोंद घेतलीत तर वही भरेल, पण पुराबद्दल नवे काही कळणार नाही. आवाजाचेही तसेच. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचेच ऐकू येते, तेही तरुणपणी. पन्नाशीनंतर बहुतेकांचे बारा-चौदा हजारांच्या वरचे दार हळूहळू बंद होते. गणित असे सांगते, की ज्या कंपनांची नोंद हवी त्यांच्या दुपटीहून थोड्या जास्त वेळा मोजले, की ती लाट जशीच्या तशी परत उभी करता येते. दोन नोंदींच्या मध्ये काही 'सांडत' नाही. सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि नव्या तबकडीचा गुळगुळीत, अशी चित्रे जाहिरातींत फार दाखवली गेली. ती चित्रे फसवी आहेत. प्लेअरमधून बाहेर पडणारी लाट दोन्हीकडे सलगच असते.

आणि पायऱ्यांचे काय? एकेका बिटामागे साधारण सहा डेसिबल धरा. सोळा बिटांची सीडी सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचे अंतर ठेवू शकते. चोवीस बिटांची तबकडी कागदावर १४४ चे. आता माझी खोली घ्या. रात्री सगळे निजल्यावर तिथे तीसेक डेसिबल आवाज असतो, पंखा लावला की पंचेचाळीस-पन्नास. त्यावर ९६ चढवा. कान दुखायला लागतो त्याच्याही पलीकडे गेलात. त्यात दौंड-मनमाड मार्गावरची मालगाडी आली, की सीडी काय आणि सुपर ऑडिओ काय, दोघींनाही ती जाईपर्यंत थांबावे लागते. चोवीस बिटांची खरी गरज स्टुडिओत आहे. गायक अचानक तारसप्तकात गेला तर आवाज फाटू नये आणि हळू लागलेला सूर खरखरीत बुडू नये, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मोकळी जागा लागते. तयार पक्वान्न वाढायला मात्र कढईएवढे ताट लागत नाही.

हे केवळ माझे मत नव्हे. बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी या तबकड्यांचा आवाज मध्येच सीडीच्या मापातून गाळून लोकांना ऐकवला आणि कुठला गाळलेला, कुठला मूळचा हे ओळखायला लावले. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे नाणे उडवून जे झाले असते तेच झाले. हे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र केले. बरोबर ओळखण्याचे प्रमाण निघाले ५२.३ टक्के. ज्यांना आधी कान तयार करायला वेळ दिला होता त्यांच्यात ते साठ टक्क्यांच्या आसपास गेले. तेव्हा फरक मुळीच नाही असे ठासून म्हणता येणार नाही. पण तो केसाएवढा आहे, आणि तो शोधायला शांत खोली आणि तयार कान लागतात. घरी कोणी अशी तुलना करून दाखवलीच, तर दोन्हींचा आवाज आधी अगदी समान करून घ्या. जो जरासा मोठा लागतो तो कानाला नेहमीच चांगला वाटतो. दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते.

मग भट्टांची ती मोहनवीणा अशी अंगावर काटा आणणारी का वाजते? याचे उत्तर मेयर आणि मोरान यांनीच देऊन ठेवले आहे. या तबकड्या ज्यांनी काढल्या त्यांनी त्या मन लावून ऐकणाऱ्यांसाठी काढल्या. १९९० नंतर साध्या सीड्यांवर आवाज दाबून, ठासून, शक्य तितका मोठा करण्याची चढाओढ लागली होती. गाडीत, दुकानात, गर्दीत चटकन कानावर आदळावा म्हणून. हळूची हळुवारी आणि मोठ्याचा जोर दोन्ही सपाट झाले. महागड्या तबकडीवर हा अत्याचार झाला नाही. म्हणजे गोडी भांड्याची नाही, आचाऱ्याची. हाच आचारी साध्या सीडीवरही तेच जेवण वाढू शकतो.

आता दुसरी बाजू. समजा तुम्ही ही तबकडी घेतलीच. घरच्या प्लेअरमध्ये टाकली. तरी तुम्ही जे ऐकता ते तेच आहे का? बहुतेकदा नाही, आणि कोणी तसे सांगतही नाही.

बहुतेक सुपर ऑडिओ सीड्या दुमजली असतात. खालच्या मजल्यावर, म्हणजे तबकडीच्या जाडीच्या मध्यावर, बारकाईचा आवाज. त्याच्या वर, छापील बाजूकडे, साधी सीडी. मधला थर असा केलेला, की डीव्हीडीच्या जातीचा लाल लेसर त्यावरून परत फिरतो आणि सीडीचा अवरक्त लेसर त्यातून आरपार जातो. मोठी सुरेख युक्ती. पण तिचा परिणाम असा, की साध्या सीडी प्लेअरमध्येही ती तबकडी निमूट वाजते, आणि घरधनी साधी सीडीच ऐकत 'वा, काय बारकावे आहेत' म्हणत मान डोलावतो. साधा डीव्हीडी प्लेअरही बहुधा हेच करतो. प्लेअरच्या तोंडावर 'एसएसीडी' अशी अक्षरे उमटली तरच तुम्ही खालच्या मजल्यावर आहात.

डीव्हीडी-ऑडिओची गंमत निराळी. ती साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर बहुधा तिचा व्हिडिओचा भाग वाजतो. त्यावरचा आवाज डॉल्बी पद्धतीने आवळलेला, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर सीडीहूनही कमी. तिचा खरा भाग वाचायला डीव्हीडी-ऑडिओची खूण असलेलाच प्लेअर हवा. शिवाय कित्येकदा गाणे निवडायला टीव्ही लावावा लागतो. डोळे मिटून यमन ऐकायचा आणि त्यासाठी आधी टीव्ही लावायचा!

आणि योग्य प्लेअर असला तरी तारेत अडते. प्लेअरच्या मागे एक ऑप्टिकल किंवा नारिंगी कोएक्सिअल तोंड असते, दुकानदार हौसेने तीच तार देतो. त्या वाटेने सुपर ऑडिओचा आवाज बाहेर सोडायला परवानगीच नाही आणि डीव्हीडी-ऑडिओचा सोडला तर तो सीडीच्या पातळीवर उतरवून. कंपन्यांना नकलेची भीती. म्हणून एक तर जुन्या पद्धतीच्या लाल-पांढऱ्या तारा लावायच्या, पाच-सहा स्पीकर असतील तर तशा सहा, नाहीतर एचडीएमआयची. तीतही पहिल्या आवृत्तीतून हे जात नव्हते. २००४ च्या आवृत्तीपासून डीव्हीडी-ऑडिओ, २००५ च्या आवृत्तीपासून सुपर ऑडिओ जाऊ लागला. पुढे अॅम्प्लिफायर. होम थिएटरचे पुष्कळसे अॅम्प्लिफायर लाल-पांढऱ्या तारेने आलेला आवाज पुन्हा अंकांत बदलतात, त्यावर आपली कारागिरी करतात आणि मग स्पीकरला देतात. 'डायरेक्ट' असे लिहिलेले बटण असेल तर ते दाबावे, कारागिरी थांबते. भाच्याच्या यंत्रावर आम्ही पहिले दोन दिवस साधी सीडीच ऐकत होतो. त्याला प्लेअर विकणाऱ्याने तार चुकीची दिली होती. तार बदलली, अक्षरे उमटली, आणि ओटीवरच्या चौघांपैकी कोणालाही फरक कळला नाही. भाच्याचा चेहरा तेवढा पडला.

आमच्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवल्याची कथा आहे. मोठ्या माणसाला मायना काय लिहावा ते सुचेना. उत्तर आले पासष्ट ओव्यांचे. कोऱ्या कागदातून पासष्टी वाचायला समोर ज्ञानदेव लागतात. प्लेअरला ते जमत नाही. कागद कितीही उंची असो, लिहिताना जे लिहिले तेवढेच तो वाचणार. आपल्या जुन्या संगीताबाबत हे फार लागू आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकरांचे वडील, १९३७ मध्ये गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रिका विजेच्या मायक्रोफोनवर झाल्या, पण त्या काळच्या तबकडीवर सेकंदाला पाच-सहा हजारांच्या वरची कंपने फारशी उमटतच नसत. उद्या कोणी त्या ९६ हजार मोजणीच्या तबकडीवर काढल्या तर वरच्या साऱ्या मजल्यांवर फक्त सुईची खरखर राहायला येईल. खाँसाहेबांचा सूर तळमजल्यावरच, होता तसा. 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असे सुरू झाले. घराघरांत ते पोचले मध्यमलहरीवरून, आणि त्या लहरीतून अवघ्या चार-पाच हजार कंपनांपर्यंतचाच आवाज येतो. ज्यांनी ते तेव्हा ऐकले त्यांच्यासमोर बारकाईच्या आवाजाची गोष्ट काढून पाहा.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर पैसे वाटेच्या सुरुवातीला घाला आणि अखेरीला. सुरुवात म्हणजे चांगले मूळ ध्वनिमुद्रण, काळजीने काढलेली आवृत्ती. अखेर म्हणजे स्पीकर आणि खोली. उघड्या फरशीवर सतरंजी टाकली, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले तर जो फरक पडतो तो कुठल्याही तबकडीने पडत नाही. शिर्डीच्या बाजारात एकेकाळी शंभर-शंभर गाण्यांच्या एमपी-थ्री तबकड्या मिळायच्या. सीडीवर सेकंदाला चौदा लाख अकरा हजार बिट खर्च होतात, अशा तबकड्यांवर बहुधा एक लाख अठ्ठावीस हजार. अकरापट आवळलेले. त्यावरून सीडीवर आलात तर फरक जाणवेल. सीडीवरून पुढे मात्र जपून.

एक अडचण अजून आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. सुपर ऑडिओचा थर संगणकाच्या साध्या ड्राइव्हला वाचताच येत नाही, तो तसाच बनवला आहे. सोनीच्याच प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या यंत्रांना तेवढा तो वाचता येई. ज्यावर सगळ्या जातींच्या तबकड्या वाजत, असे नावाजलेले प्लेअर करणाऱ्या ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये ते काम थांबवले. जपानी कंपन्या अजून काही यंत्रे काढतात, तबकड्याही निघतात, पण थोड्या. प्लेअर गेला की तबकडी मुकी. नकलेच्या भीतीने लावलेले कुलूप, किल्ल्या कमी होत चाललेल्या.

याच चर्चेतून आमच्या घरातली एक कॅसेट बाहेर आली. माझी अम्मी जात्यावर ओव्या म्हणायची. घरात बोलणे दखनी, ओव्या मात्र मराठीत. भावाच्या, माहेराच्या, पावसाच्या. १९८६ साली माझ्या थोरल्या भावाने पट्ट्याच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर त्या भरल्या. अशा ओव्यांचे मोल आता पुष्कळांना कळले आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हॅन यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, बर्नार बेल यांच्या मदतीने शंभराहून अधिक तासांचा आवाज जपला गेला. 'पारी' या संस्थेने तो ठेवा लोकांपुढे आणला आहे. आमची कॅसेट त्यात नाही, ती घरातल्या डब्यात होती. भाचा म्हणाला, "मामू, नानीचा आवाज आपण हाय रेझोल्यूशन करून टाकू. एकदम समोर बसल्यासारखी वाटेल."

मी त्याला म्हटले, जे पट्टीवर उमटलेच नाही ते कुठून आणशील? तरी आपण उतरवू, नीट उतरवू. श्रीरामपूरच्या एका मिस्त्रींकडून चांगला डेक मिळवला. त्यांनी आधी हेड स्पिरिटने पुसले. मग एक बारका स्क्रू फिरवत बसले. टेपच्या पट्टीला हेड अगदी काटकोनात लागावे लागते. भरणाऱ्या यंत्राचे हेड जरा तिरपे असले, तर वाजवणाऱ्याचेही तेवढेच तिरपे करावे लागते, नाहीतर वरचे सूर जातात. अर्धा फेरा, पाव फेरा असे करता करता आवाजावरची गोधडी उचलल्यासारखी झाली. जात्याच्या घरघरीच्या वर काहीतरी किणकिणू लागले. खुंट्यावर आपटणाऱ्या बांगड्या. इतकी वर्षे त्या पट्टीवर होत्या, आम्ही ऐकल्या नव्हत्या.

उतरवताना चोवीस बिट, ९६ हजार हेच माप ठेवले. ऐकण्यासाठी नव्हे, पुढे कोणी खरखर कमी करायला बसला तर त्याला हात हलवायला जागा हवी. त्याची साध्या डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीची तबकडी करता येते. हे माप त्या पद्धतीत मुळातच बसते आणि बाजारातला साधा डीव्हीडी प्लेअरही ती वाजवतो. ना खास खूण लागते, ना कुलूप. पण घरी लिहिलेल्या तबकडीवरचा रंग उन्हाने, दमटपणाने उडतो, म्हणून दोन हार्ड डिस्कवर वेगळ्या प्रती ठेवल्या, एक इथे आणि एक बहिणीकडे कोपरगावला. मूळ कॅसेट फेकलेली नाही.

एकच बाजू झाली आहे. डेकचा रबरी पट्टा मध्येच सैल पडला आणि अम्मीचा सूर खाली घसरू लागला, तेव्हा मिस्त्रींनी हात आखडला. नवा पट्टा मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचा आहे. दुसऱ्या बाजूला, भाऊ म्हणतो, पाळण्याची दोन गाणी आहेत.